खिडकी उघडली कोणी?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावचा सातबारा संगणकावर पाहायचा आहे, असे समजा. संकेतस्थळ उघडले. जिल्हा, तालुका, गाव निवडले, गट क्रमांक लिहिला, वेड्यावाकड्या अक्षरांची परीक्षाही पार पडली. शेवटचे बटण दाबले आणि काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, तरी पडदा तसाच. शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती छापताना किंवा शाळेच्या माहितीचा गोषवारा उतरवून घेताना हाच अनुभव पुष्कळ शिक्षकांना येतो. मग कोणीतरी जाणकार येतो, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘पॉप-अप’ सरसकट चालू करून देतो. काम होते. पण त्या दिवसापासून त्या संगणकाचे एक दार कायमचे उघडे राहते.

हे दार कसले आहे, ते बंद का होते आणि किती उघडावे, हे आता पाहू.

पॉप-अप म्हणजे काय?

आपण वाचत असलेल्या पानाने आपण होऊन उघडलेली दुसरी खिडकी म्हणजे पॉप-अप. पानाला असे काही करता येऊ लागले ते जावास्क्रिप्ट या भाषेमुळे. ही भाषा १९९५ साली जन्मली. नवी खिडकी उघडण्याची आज्ञा तिच्यात एका ओळीत देता येते. सोय चांगली होती. मूळ अर्ज डोळ्यांसमोर ठेवून पावती शेजारी दाखवता येई.

पण जाहिरातदारांनी ती लवकरच उचलली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ट्रायपॉड या संकेतस्थळावर एथन झुकरमन काम करीत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी नाराज झाली. जाहिरात पानावर नको, वेगळ्या खिडकीत दाखवावी, असा तोडगा निघाला. ती खिडकी उघडणारा प्रोग्रॅम झुकरमन यांनी लिहिला. पुढे २०१४ साली ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोवर एक खिडकी बंद करावी तर दोन उघडाव्यात, असा त्रास जगभर झालेला होता.

साहजिकच ब्राउझर बनवणाऱ्यांनी दाराशी पहारेकरी बसवला. २००४ साली इंटरनेट एक्सप्लोररमध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ही सोय आली. त्याच वर्षी आलेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीतही ती होती. आज सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये पहारा सुरुवातीपासूनच चालू असतो.

पहारेकरी ठरवतो कसे?

आता खरा प्रश्न. सातबाऱ्याची खिडकी कामाची आणि लॉटरीची खिडकी बिनकामाची, हे ब्राउझरला कसे कळते? उत्तर असे, की ते त्याला कळतच नाही. खिडकीत काय आहे हे तो पाहत नाही. तो एवढेच विचारतो : ही खिडकी माणसाच्या हातून उघडली का?

माउसचे बटण दाबणे, कळ दाबणे, मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवणे, या माणसाच्या कृती. अशी कृती झाली, की पानाला खिडकी उघडण्याची परवानगी मिळते. मात्र तिला दोन अटी आहेत. पहिली, परवानगी थोडाच वेळ टिकते. क्रोममध्ये हा अवधी साधारण पाच सेकंदांचा आहे. दुसरी, एका कृतीला एकच खिडकी. ती उघडली, की परवानगी संपते.

या दोन अटींवरून आपल्या अडचणीचा उलगडा होतो. काही संकेतस्थळे बटण दाबताच खिडकी उघडत नाहीत. आधी सर्व्हरकडे माहिती मागतात आणि उत्तर आल्यावर खिडकी उघडतात. शहरात वेगवान जोडणीवर उत्तर एका सेकंदात आले, तर खिडकी उघडते. गावात जोडणी मंद असेल किंवा सर्व्हरवर गर्दी असेल, तर उत्तराला दहा सेकंद लागतात. तोवर परवानगी संपलेली असते. पहारेकरी त्या खिडकीला आगंतुक समजून अडवतो. म्हणजे तेच पान, तोच ब्राउझर, पण बारामतीत चालते आणि पलीकडच्या वाडीत अडते. दोष ना शिक्षकाचा, ना संगणकाचा.

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वर्गात पडताळता येईल. एका पानावर दोन बटणे करावीत. पहिले दाबल्यावर दोन सेकंदांनी आणि दुसरे दाबल्यावर दहा सेकंदांनी नवी खिडकी उघडेल, असे लिहावे. थांबण्याच्या काळात दुसरे काही दाबू नये. क्रोममध्ये पहिली खिडकी उघडेल, दुसरी अडेल.

मग करावे काय?

बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. विशेषतः पैसे भरण्याच्या पानावर तर नाहीच. आधी पत्त्याच्या पट्टीकडे पाहावे. क्रोममध्ये खिडकी अडवली असेल, तर पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटे चिन्ह उमटते. त्यावर दाबले, की अडवलेल्या खिडकीचा दुवा दिसतो. एकदाच पाहायचे असेल तर तो दुवा उघडावा. रोजचे काम असेल, तर त्या संकेतस्थळाला नेहमी परवानगी देण्याचा पर्याय तिथेच असतो. फायरफॉक्समध्ये पानाच्या वर एक पट्टी येते आणि तिच्यातील बटणातून हेच करता येते.

दिलेल्या परवानग्यांची यादी क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ या क्रमाने सापडते. मुख्य पहारा चालू ठेवावा आणि हव्या त्या संकेतस्थळांची नावे अपवादात घालावीत. गावच्या चौकीवरचा पहारेकरी आपण काढून टाकत नाही. पाहुण्यांची नावे त्याला सांगून ठेवतो, तसेच हे. शाळेच्या सामाईक संगणकावर ही यादी वर्षातून एकदा तपासावी. अनोळखी नावे दिसली तर काढून टाकावीत.

परवानगी देण्यापूर्वी पत्ता नीट वाचावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी पत्ता जिथे संपतो, तो भाग महत्त्वाचा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो आणि हे शेपूट सरकारी संस्थांनाच मिळते. ‘गव्ह’ हा शब्द मध्येच कुठे तरी आहे आणि शेवटी ‘डॉट कॉम’ आहे, असा पत्ता सरकारी नव्हे, मग पानावर राजमुद्रा असो वा नसो.

पहाऱ्याबाहेरचे

या पहाऱ्याला मर्यादाही आहेत. पानाच्या आतच तरंगणारी चौकट ही वेगळी खिडकी नसते. ती त्या पानाचाच भाग असते, म्हणून अडत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या सूचनांची परवानगीही निराळी असते. कधीतरी नकळत ‘अलाऊ’ दाबलेले असते आणि सूचना येत राहतात. त्या ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीतून बंद कराव्या लागतात. तसेच आपण स्वतः दाबलेल्या बटणातून फसवी खिडकी उघडली, तर पहारेकरी तिलाही वाट देतो, कारण हात आपलाच होता.

‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी म्हणूनच आजही दिसू शकते. कोणताही ब्राउझर फोन करायला सांगत नाही. ती खिडकी बंद करावी, बंद होत नसेल तर ब्राउझरच बंद करावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

आज जमिनीचा उतारा, मुलीची शिष्यवृत्ती, शाळेची पटसंख्या, सारे याच खिडक्यांतून ये-जा करते. गावात अडलेला पालक बहुधा शिक्षकाकडेच येतो. त्याला सगळे पॉप-अप चालू करून देणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. एकाच संकेतस्थळाला नावानिशी परवानगी देऊन, तसे का केले हे सांगायला पाच मिनिटे लागतील. ती पाच मिनिटे द्यावीत. खिडकी कोणी उघडली एवढेच ब्राउझर पाहतो. ती कोणासाठी उघडायची, हे शेवटी आपल्यालाच ठरवायचे असते.