मध्येच थांबायची मुभा असलेला नाच

टँगो नाचणाऱ्या दोघांना पुढचं पाऊल कोणतं, हे आधी ठाऊक नसतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. सिनेमातला टँगो बसवलेला असतो. पण ब्युनोस आयर्समध्ये लोक रात्री हौसेनं जो नाचतात आणि आता दिल्ली-गुरुग्राममधली छोटीशी मंडळीही जो नाचते, तो त्या क्षणी सुचत जातो. नेणाऱ्याची छाती किंचित वळते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं आणि समोरचीला ते मिठीतून कळतं. तोंडातून एक शब्द निघत नाही. दोघं तासाभरापूर्वी एकमेकांना ओळखतही नसतील!

हे शिकायचं कुठे? वर्गात पावलं कळतात, पण अनोळखी शरीराचं ऐकणं वर्गात येत नाही. ‘मिलोंगा’ म्हणजे रीतसर नाचाची रात्र, आणि तिथे प्रयोग करायचे नसतात. मिलोंगा ही मैफल धरली, तर ‘प्राक्तिका’ हा तिचा रियाज. फरक एवढाच, की हा रियाज चारचौघांत आणि रोज वेगळ्या जोडीदाराबरोबर होतो. संध्याकाळी एखाद्या स्टुडिओत खुर्च्या भिंतीला लावायच्या, जुनी गाणी लावायची आणि दोन-तीन तास नाचायचं. कुणी ऑफिसातून थेट आलेलं असतं, कुणाला परतीची मेट्रो गाठायची असते.

मिलोंगात तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला ‘तांदा’ म्हणतात. तो अर्धवट सोडणं अपमानाचं. आमंत्रण द्यायचं ते नजरेनं आणि मानेच्या हलक्या इशाऱ्यानं, म्हणजे नकार आला तरी चारचौघांत कुणाची शोभा होत नाही. पहिल्याच गाण्यानंतर ‘ग्रासियास’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘पुरे झालं’ असाच घेतला जातो. प्राक्तिकेत हे सगळं सैलावतं. सरळ जाऊन विचारता येतं, मध्येच थांबता येतं, एकच पाऊल वीस वेळा घोटता येतं.

‘ओचो’ घ्या. ओचो म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ. नाचणारीची पावलं जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढतात. ती पाऊल टाकते, चवड्यावर वळते, पुन्हा पाऊल टाकते. तिचं वजन त्या पायावर पुरतं बसण्याआधीच त्यानं वळवलं, तर तिचा तोल जातो. त्याला वाटतं तिला जमत नाही, तिला वाटतं आपणच कच्च्या. मग दोघं बाजूला होतात आणि भूमिका बदलतात: ती नेते, तो मागे येतो. घाईनं वळवलं की काय होतं, हे त्याला आता स्वतःच्या घोट्यात कळतं. कुठल्याही व्याख्यानानं हे इतक्या लवकर कळत नाही.

ही युक्ती जुनी आहे. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची जवळपास निम्मी वस्ती परदेशात जन्मलेली होती आणि त्यात पुरुष फार. नाचायला बाई मिळणं मुश्किल, म्हणून आधी तयारी हवी. १९४० च्या दशकातले नर्तक सांगत, की पुरुषांच्या प्राक्तिकेत नव्या पोरानं काही महिने बाईच्या जागी नाचायचं आणि नेण्याची पाळी त्यानंतर यायची. याच नाचाला २००९ साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

सैलपणातही काही गोष्टी पक्क्या असतात. नाचणाऱ्या जोड्यांचा फेरा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. थांबायचं असेल तर मध्यभागी किंवा कडेला सरकायचं, मागच्यांची वाट अडवायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम: न विचारता शिकवायचं नाही. बोलायचंच तर स्वतःच्या शरीराबद्दल बोलावं. ‘तू ओढतोस’ म्हटलं की माणूस मिटतो. ‘इथे माझा तोल जातोय’ म्हटलं की दोघं मिळून शोधू लागतात.

दिल्लीत हे शिष्टाचार मला जास्तच मोलाचे वाटतात. या शहरात बाई गर्दीतून अंग चोरून चालते. इथे तीच ठरवते, मिठी जवळची की हातभर अंतराची. ‘आज नको’ म्हणायला तिला कारण द्यावं लागत नाही, आणि नाचायला तिनं विचारलं तरी कुणाला नवल वाटत नाही. जिथे हे पाळलं जात नाही, तिथले लोक कितीही चांगले नाचोत, त्या प्राक्तिकेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही जायचं ठरवलंत, तर जोडीदाराची अट सहसा नसते. पहिल्या दिवशी नुसतं बसून पाहिलं तरी चालतं. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून जा आणि गुळगुळीत तळव्याचे बूट न्या. रबरी तळवा फरशीला धरून राहतो, पाऊल वळत नाही आणि तो पीळ थेट गुडघ्यावर येतो.