ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र आणि ब्राउझरची जबाबदारी

फवारणीचा ड्रोन बांधावर येतो तेव्हा शेतकरी औषधाची मात्रा विचारतो, एकरी दर विचारतो. चालकाचे प्रमाणपत्र मात्र क्वचितच पाहतो. पाहिलेच, तर हाती येते एक छायाप्रत. तीत चालकाचे नाव आणि जन्मतारीखही वाचता येते. पण ती खरी आहे काय, आजही ग्राह्य आहे काय, हे तिच्यावरून उमगत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशा चालकाकडे प्रमाणपत्र असावेच लागते. अप्रशिक्षित हाताने भर वाऱ्यात केलेली फवारणी शेजारच्या तुतीवर उतरली, तर रेशीम कीटकांची आख्खी बॅच हातची जाते. मधमाश्यांचे नुकसान तर कोणी मोजतही नाही.

पडताळणीयोग्य डिजिटल प्रमाणपत्र ही उणीव भरून काढू शकते. देणारी संस्था त्यावर आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करते; ते चालकाच्या मोबाइलमधील वॉलेटमध्ये राहते. विचारणाऱ्याचे संकेतस्थळ ब्राउझरमार्फत मागणी करते, चालक संमती देतो, आणि संस्थेच्या जाहीर किल्लीने स्वाक्षरी तपासली जाते. पत्ता वा जन्मतारीख न दाखवता ‘प्रमाणपत्र वैध आहे’ एवढेच दाखवता येते. ते रद्द झाले असल्यास स्थिती-यादीवरून कळते. अशा प्रमाणपत्रांच्या रचनेची दुसरी आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मे २०२५ मध्ये प्रमाणित केली. त्याच वर्षी क्रोम आणि सफारी या ब्राउझरांत प्रमाणपत्र दाखवण्याची सोय आली.

मात्र दाखवण्याआधी ते मिळावे लागते, आणि देण्याची बाजू मागे राहिली. ब्राउझरचा आधार नसेल तर संस्थेला ठरावीक ॲप उघडणारा दुवा किंवा क्यूआर कोड द्यावा लागतो. तशाच प्रकारच्या दुव्यावर दुसरे एखादे ॲपही हक्क सांगू शकते. मग प्रमाणपत्र कोणाच्या हाती पडले, हे धारकाला समजणे कठीण. ब्राउझर मध्ये असला तर मागणी कोणत्या संकेतस्थळावरून आली हे तो वॉलेटला सांगतो, आणि वॉलेट निवडण्याचा अधिकार धारकाकडे राहतो.

खरी कसोटी व्यवस्थापनाची आहे. प्रमाणपत्र बहुधा त्या मोबाइलमधील किल्लीशी बांधलेले असते. मोबाइल विहिरीत पडला की ते नव्याने घ्यावे लागते. ऐन हंगामात त्यासाठी तालुक्याच्या फेऱ्या घालाव्या लागल्या, तर छायाप्रतच सोयीची ठरेल. घरात एकच मोबाइल असलेल्या कुटुंबांचा विचार तर या आराखड्यांत फारसा दिसत नाही.

२०१५ पासूनच्या डिजिलॉकरमुळे अधिकृत दस्तऐवज मोबाइलवर बाळगण्याची सवय देशाला लागली आहे. निविष्ठा विक्रेत्यांच्या ‘देसी’ पदविकेलाही हीच पद्धत लागू करता येईल. तोवर विस्तार कार्यकर्त्यांनी छायाप्रतीवर न थांबता प्रमाणपत्राचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि पहिल्या फवारणीपूर्वीच तो देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घ्यावा.