बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची वजनाची पठारावस्था : कारणमीमांसा व उपाययोजना

सारांश :
तीव्र स्थूलतेवर बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया हा आज सर्वाधिक परिणामकारक उपाय मानला जातो. शस्त्रक्रियेनंतर वेगाने उतरणारे वजन काही काळाने स्थिरावते. रुग्ण व त्याचे कुटुंबीय या स्थिरतेचा अर्थ बहुधा ‘अपयश’ असा लावतात. ही अवस्था शरीरशास्त्रीयदृष्ट्या अपेक्षित असते. मात्र तिचे प्रकार भिन्न असून प्रत्येक प्रकारास वेगळा प्रतिसाद आवश्यक असतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : स्थूलता, बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, पठारावस्था, चयापचय, प्रथिने, पाठपुरावा.

प्रस्तावना :
शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना ‘अध्ययनातील पठारावस्था’ ही संकल्पना परिचित आहे. ब्रायन व हार्टर यांनी १८९७ मध्ये तारायंत्राचे संदेश ग्रहण करण्यास शिकणाऱ्यांच्या प्रगतीचा आलेख मांडला, तेव्हा वर चढत जाणारा आलेख मध्येच सपाट झालेला आढळला. सराव चालू असूनही प्रगती दिसत नाही, अशा काळाला पठारावस्था म्हणतात. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या वजनाचा आलेखही असाच मध्ये सपाट होतो. मात्र या साम्याला मर्यादा आहे. अध्ययनातील पठारानंतर पुढील चढण अपेक्षित असते. वजनाच्या बाबतीत काही पठारे तात्पुरती असतात, तर काही पठारे म्हणजे शरीराने गाठलेला नवा समतोल असतो. या दोहोंतील फरक न कळल्यास रुग्ण उपासमारीकडे वळतो किंवा निराश होऊन उपचारांकडे पाठ फिरवतो. दोन्ही मार्ग घातक आहेत.

उद्दिष्टे :
१. शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावण्यामागील शरीरशास्त्रीय कारणे स्पष्ट करणे.
२. पठारावस्थेचे प्रकार व त्यांतील भेद समजावून घेणे.
३. महाराष्ट्रातील आहारपद्धतीच्या संदर्भात उपाययोजनांचा विचार करणे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :
आज प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी तयार केली जाते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. या दुसऱ्या पद्धतीची सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली.

या शस्त्रक्रियांनी केवळ जठराचा आकार लहान होतो, हा समज अपुरा आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले ‘घ्रेलिन’ हे भूक वाढवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत हाच भाग काढला जातो. तसेच दोन्ही शस्त्रक्रियांनंतर ‘जीएलपी-१’ व ‘पीवायवाय’ ही तृप्तीची जाणीव देणारी आतड्यातील संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणजेच शस्त्रक्रियेने भुकेचे नियमनच बदलते.

वजन का स्थिरावते?
पहिले कारण साध्या गणिताचे आहे. लहान शरीराला कमी ऊर्जा लागते. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या, ४० वर्षे वयाच्या व १२० किलो वजनाच्या स्त्रीची विश्रांत अवस्थेतील दैनंदिन ऊर्जेची गरज मिफ्लिन–सेंट जिओर सूत्रानुसार सुमारे १८४० उष्मांक येते. तिचे वजन ८५ किलो झाल्यावर हीच गरज सुमारे १४९० उष्मांक होते. केवळ वजन घटल्यामुळे दररोजचा खर्च ३५० उष्मांकांनी कमी झाला. शिवाय हलके शरीर जिना चढताना किंवा चालतानाही कमी ऊर्जा खर्च करते. दुसरीकडे, पहिल्या काही महिन्यांत अत्यल्प असलेला आहार वर्षभरात हळूहळू वाढतो. घटता खर्च आणि वाढते सेवन यांच्या रेषा जेथे मिळतात, तेथे वजन थांबते.

दुसरे कारण चयापचयाच्या अनुकूलनाचे आहे. वजन घटल्यावर ऊर्जेचा खर्च अनेकदा सूत्राने वर्तवलेल्या पातळीपेक्षाही खाली जातो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी १९४४–४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर अर्ध-उपासमारीचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात हे ठळकपणे दिसले. चरबीच्या पेशींतून स्रवणारे व १९९४ मध्ये शोधले गेलेले ‘लेप्टिन’ हे संप्रेरक चरबी घटताच कमी होते आणि मेंदूला साठा आटल्याची सूचना मिळते. त्यामुळे भूक वाढते व खर्च आखडता घेतला जातो. शस्त्रक्रियेमुळे ही प्रतिक्रिया सौम्य होते. पूर्णपणे नाहीशी होत नाही. दुष्काळात टिकून राहण्यासाठी घडलेल्या शरीराचा हा संरक्षक गुणधर्म आहे. तो रुग्णाच्या मनोबलाचा दोष नव्हे.

तिसरे कारण स्नायूंच्या ऱ्हासाचे आहे. वेगाने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही घटतात. प्रथिने अपुरी पडल्यास व व्यायाम नसल्यास हा ऱ्हास अधिक होतो आणि विश्रांत अवस्थेतील ऊर्जाखर्च आणखी खाली येतो.

पठारावस्थेचे प्रकार :
(अ) प्रारंभिक पठार : शस्त्रक्रियेनंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात वजन काही दिवस थांबलेले दिसते. सुरुवातीला शरीरातील ग्लायकोजेन वापरले जाते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असल्याने पहिल्या आठवड्यातील मोठी घट बरीचशी पाण्याची असते. पुढे पाण्याचा समतोल पुन्हा साधला जातो व चरबी घटत असूनही काटा हलत नाही. या अवस्थेत संयम हाच उपाय होय.

(आ) मधले पठार : तिसऱ्या महिन्यापासून वर्षापर्यंत एक-दोन आठवड्यांचे असे थांबे अनेकदा येतात. वजन थांबलेले असताना कंबरेचा घेर मात्र कमी होत असल्यास चिंतेचे कारण नसते. थांबा महिन्याहून अधिक लांबल्यास आहार, व्यायाम व औषधे यांचा आढावा घ्यावा.

(इ) अंतिम पठार : बहुसंख्य रुग्णांचे वजन १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत खालच्या पातळीला पोहोचते. येथे शरीराने नवा समतोल साधलेला असतो. त्यानंतरचे मुख्य ध्येय घट चालू ठेवण्यापेक्षा मिळालेले टिकवण्याचे असते.

दीर्घकालीन अभ्यासातून मिळणारा बोध :
१९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या २,०१० व्यक्तींची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ स्थूल व्यक्तींशी करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन १ ते २ वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. १० वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे १२० किलो वजनाच्या व्यक्तीला ही सरासरी लावल्यास तिचे वजन सुमारे ८२ किलोपर्यंत उतरेल व दहा वर्षांनी ९० किलोच्या आसपास असेल. तुलनेच्या गटातील वजनात या काळात २ टक्क्यांहून कमी फरक पडला. सरासरी सुमारे ११ वर्षांच्या पाठपुराव्यात शस्त्रक्रिया गटात १०१, तर तुलनेच्या गटात १२९ मृत्यू झाले.

या आकडेवारीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, किमान वजन गाठल्यानंतर थोडी वाढ होणे हे सर्वसामान्य आहे. दोन, आदर्श वजनापर्यंत न पोहोचताही आयुर्मानाच्या दृष्टीने लाभ होतो. वरील उदाहरणातील स्त्री ८५ किलोवर थांबली, तर तिचा बॉडी मास इंडेक्स ३३ च्या आसपास, म्हणजे अजूनही स्थूलतेच्या श्रेणीत राहील. तथापि तिने मूळ वजनाच्या २९ टक्के वजन गमावलेले असेल व त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी व झोपेतील श्वसनावरोध यांत सुधारणा होण्याची मोठी शक्यता असते. यशाचे मोजमाप केवळ काट्यावर करणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते.

उपाययोजना :
१. नोंद : आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करावे; दररोज वजन पाहिल्याने पाण्याच्या चढउतारामुळे मन अस्वस्थ होते. महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजावा. सात दिवस खाल्ले-प्यायलेले सर्व काही लिहून काढावे. ही वही डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्यासाठी सर्वांत उपयुक्त पुरावा ठरते.

२. प्रथिनांना प्राधान्य : शस्त्रक्रियेनंतर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. शाकाहारी मराठी घरात हे उद्दिष्ट सहज साधत नाही. वाटीभर वरणातून जेमतेम ६ ते ७ ग्रॅम, एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोटात जागा थोडी असल्याने ताटातील क्रम महत्त्वाचा ठरतो : प्रथम उसळ, पनीर, दही, अंडी किंवा मासे, नंतर भाजी, शेवटी भाकरी अथवा भात. आवश्यक तेथे तज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रथिनांची पूड घ्यावी.

३. ‘सहज सरकणारे’ उष्मांक ओळखणे : लहान झालेले जठर घट्ट अन्नाला अटकाव करते; द्रव व विरघळणाऱ्या पदार्थांना नाही. शेव, चिवडा, बिस्किटे, आइस्क्रीम, सरबत हे पदार्थ थोडे थोडे करून दिवसभर पोटात जातात व तृप्तीही देत नाहीत. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर घातलेला चहा दिवसातून चार वेळा घेतल्यास केवळ साखरेचे १६० उष्मांक होतात. शिक्षककक्षात तासांच्या मधल्या वेळेत घेतला जाणारा चहा व सोबतची बिस्किटे ‘खाणे’ म्हणून मोजलीच जात नाहीत. जेवताना पाणी न पिता सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे, असा सल्लाही सामान्यतः दिला जातो.

४. उपवासाविषयी सावधगिरी : वजन थांबले म्हणून उपवास वाढवणे हा आपल्याकडील सहज सुचणारा मार्ग आहे. परंतु साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट असून त्यात प्रथिने नगण्य असतात; साबुदाण्याच्या खिचडीतील शेंगदाणे व तूप उष्मांक मात्र वाढवतात. निर्जळी उपवासाने निर्जलीकरण होऊ शकते व मधुमेहाची औषधे चालू असल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. श्रद्धेने उपवास करायचाच असल्यास दूध, दही, ताक, पनीर यांवर भर द्यावा व औषधांबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे.

५. व्यायाम : आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम व हळूहळू ३०० मिनिटांपर्यंत वाढ, त्यासोबत दोन-तीन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम अशी शिफारस केली जाते. केवळ चालण्याने स्नायू पुरेसे टिकत नाहीत. खुर्चीवरून आधाराविना उठणे-बसणे, रबरी पट्टे किंवा हलकी वजने यांचा उपयोग करता येतो.

६. वैद्यकीय तपासणी : पठार लांबल्यास थायरॉइडचे विकार, तसेच स्टेरॉइड, इन्सुलिन व काही मानसोपचारातील औषधे यांचा परिणाम तपासावा लागतो. वजन उतरल्यावर प्रजननक्षमता वाढत असल्याने गर्भधारणेची शक्यताही विचारात घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असे सांगितले जाते. वजन वाढू लागल्यास जठराची पिशवी किंवा जोड रुंदावला आहे काय, हे एंडोस्कोपीद्वारे पाहता येते. आवश्यकतेनुसार औषधोपचारही उपलब्ध आहेत. लंडनमधील संशोधकांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित घट न झालेल्या रुग्णांना लिराग्लुटाइड दिल्यावर २४ आठवड्यांत सरासरी सुमारे ९ टक्के घट दिसली. तुलनेच्या गटात ती १ टक्क्याहूनही कमी होती. पुनर्शस्त्रक्रिया हा अखेरचा पर्याय होय.

मानसिक व सामाजिक बाजू :
शस्त्रक्रियेचा खर्च, घरच्यांच्या अपेक्षा आणि ‘आता किती उतरले?’ हा सततचा प्रश्न यांचे ओझे रुग्णावर असते. वजन थांबताच त्याला अपराधी वाटू लागते आणि डॉक्टरांसमोर काट्यावर उभे राहण्याच्या संकोचाने तो तपासणीला जाणेच टाळतो. खरा धोका येथे आहे. पाठपुरावा सुटला की पूरक गोळ्या सुटतात आणि लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व व ‘बी-१२’ यांची कमतरता नकळत वाढत जाते. शाकाहारी व्यक्तीत ‘बी-१२’ची कमतरता मुळातच अधिक आढळते, ती दीर्घकाळ राहिल्यास मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. वारंवार उलट्या होत असल्यास थायमिनच्या अभावाने मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ती तातडीची स्थिती समजावी. ताणामुळे खाण्याकडे वळणारे मन कधी मद्याकडेही वळते. गॅस्ट्रिक बायपासनंतर मद्य रक्तात वेगाने भिनत असल्याने व्यसनाचा धोका वाढतो, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सहकाऱ्यांनी व कुटुंबीयांनी वजनाची चौकशी करण्याऐवजी तब्येतीची चौकशी करावी. ‘शस्त्रक्रिया करूनही काही उपयोग झाला नाही’ हे सहज उच्चारलेले वाक्य रुग्णाला उपचारांपासून दूर लोटू शकते.

निष्कर्ष :
१. शस्त्रक्रियेनंतरची पठारावस्था ही शरीराची अपेक्षित प्रतिक्रिया असून ते रुग्णाचे अपयश नव्हे.
२. प्रारंभिक पठारात संयम, मधल्या पठारात आढावा व अंतिम पठारात मिळालेल्या वजनाचे जतन, असा प्रतिसाद भिन्न असावा.
३. उपासमारीने स्नायू घटतात; प्रथिने व ताकदीचा व्यायाम हे अधिक विश्वसनीय उपाय आहेत.
४. वजनाइतकेच रक्तशर्करा, रक्तदाब, कंबरेचा घेर व कार्यक्षमता हे यशाचे निकष मानले जावेत.
५. स्थूलता हा दीर्घकालीन विकार असल्याने पाठपुरावा आयुष्यभराचा असतो. काटा थांबला तरी तपासणी थांबता कामा नये.