काचेवरची शिरगणती

पेशी मोजणाऱ्या नव्या यंत्रावर लिहा, म्हणून संपादकांनी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. यंत्र झकास आहे. नमुना घातला की थोड्याच वेळात पडद्यावर आकडा. पण शेजारच्या टेबलावर एक ताई मायक्रोस्कोपला डोळे लावून हातातलं काउंटर टकटक दाबत होत्या, आणि मी तिथेच रेंगाळलो.

त्यांच्यापुढे न्यूबाउअर चेंबर ही जाड काचपट्टी होती. रक्तपेशी मोजायला असा काचेचा चेंबर फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८७४ मध्ये तयार केला. १९५३ मध्ये अमेरिकेत वॉलेस कोल्टर यांना बारीक छिद्रातून जाणाऱ्या पेशी विजेच्या अडथळ्यावरून टिपण्याचं पेटंट मिळालं. तरी काचपट्टी टिकली.

तिच्यावर एक मिलिमीटर बाजूचे नऊ चौकोन कोरलेले असतात. कव्हरस्लिप बसवली की खाली ०.१ मिलिमीटर फट उरते. "नीट बसली की कडेला रंगीत वलयं दिसतात. नाही दिसली तर पुढे मोजण्यात अर्थ नाही," ताई म्हणाल्या. एका चौकोनावर मिलिलिटरचा दहा हजारावा भाग मावतो. पेशींच्या द्रावणात तेवढाच ट्रिपॅन ब्लू मिसळायचा. आवरण शाबूत असलेली पेशी हा रंग आत घेत नाही. फाटलेली निळी होते. वरच्या आणि डाव्या रेघेवरची पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. कोपऱ्यांतल्या चार चौकोनांत २१२ बिनरंगी आणि २८ निळ्या सापडल्या, तर सरासरी ५३, गुणिले दोन, गुणिले दहा हजार: मिलिलिटरला १० लाख ६० हजार जिवंत पेशी, म्हणजे ८८ टक्के.

शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ही रीत. पण इथे शितं आधी तळाला जातात. नळी हलवली नाही तर वरून घेतलेल्या थेंबात पेशी कमी येतात. पेशींचे गठ्ठे असतील तर मोजायचं काय, इथून वाद. सगळं बिनचूक केलं तरी २१२ पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने सुमारे सात टक्के इकडेतिकडे होतं. रंगात फार वेळ राहिल्या, तर चांगल्या पेशीही मरून निळ्या होऊ लागतात. यंत्रही यातून सुटत नाही. कॅमेऱ्यावर चालणारं यंत्र कचऱ्याचा कण पेशी म्हणून धरू शकतं. नुसत्या विजेच्या अडथळ्यावर चालणारं मेलेली-जिवंत वेगळी करत नाही.

सगळ्यात मोठी फसगत वेगळीच. आत्मनाशाची प्रक्रिया नुकती सुरू झालेल्या पेशीचं आवरण अजून धड असतं, म्हणून ती बिनरंगी दिसते. द्रव नायट्रोजनमधून काढलेल्या पेशी लगेच मोजल्या तर टक्केवारी झोकात येते. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या कित्येक फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्याच नसतात. म्हणून ताई दोन्ही दिवसांचे आकडे वहीत लिहितात. मला ही सवय नव्या यंत्राहून मोलाची वाटली. यंत्र घ्यावंच, मान मोडून मोजण्यात पुण्य नाही. पण '९२ टक्के जिवंत' असं कुणी सांगितलं, तर कोणत्या पद्धतीने आणि किती तासांनी मोजलं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर पुढचा प्रयोग उभा करू नये.