रुमाल न टाकलेली जागा

नव्वदच्या दशकात लॅपटॉपच्या कडेच्या फटीत नेटवर्क कार्ड सरकवलं की लिनक्स दोनदा बीप करायचं. पहिला बीप कार्ड ओळखलं म्हणून, दुसरा ते सुरू झालं म्हणून. दुसरा खालच्या सुरात आला की समजायचं, बिनसलं. पण खरी डोकेदुखी व्हायची ती दोन्ही बीप खणखणीत आल्यावर. कार्डावरचा दिवा लागलेला, आयपी पत्ताही दिलेला, आणि पिंगला उत्तर नाही.

अशा वेळी दोनदा बघायची फाइल म्हणजे ‘प्रोक’मधली ‘इंटरप्ट्स’. एकदा बघायची, पिंग सोडायचा, पुन्हा बघायची. कार्डाच्या ओळीतला आकडा जागचा हलला नसेल, तर कार्डाची हाक, म्हणजे इंटरप्ट, प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. एनई-२००० जातीच्या कार्डांचा ड्रायव्हर तर ‘इंटरप्ट ड्रॉप्ड’ असं कर्नलच्या नोंदीत लिहायचा आणि हाकेची वाट न बघता स्वतःच कार्डात डोकावत राहायचा. मग नेटवर्क चालायचं, पण लंगडत.

हाक अशी हरवण्याचं मूळ जुनं आहे. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत इंटरप्टच्या ८ लाइन होत्या. १९८४ च्या एटीत इंटरप्ट सांभाळणारी ८२५९ ही दुसरी चिप आली आणि त्या १६ झाल्या; त्यातली एक दोन चिप जोडण्यातच गेली. उरलेल्या १५ मधून घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्डडिस्क वजा करा. शिवाय आयसा बसवर एक लाइन दोघांत वाटता येत नसे. लाइन खालून वर गेल्याचा क्षण तेवढा टिपला जाई. एकाने ती वर धरून ठेवली असताना दुसऱ्याने हाक मारली तर ती कोणाला कळणार? लॅपटॉपच्या फटीतलं पीसीएमसीआयएचं १६ बिटांचं कार्ड याच जुन्या घरातलं. १९९५ च्या सुमारास आलेल्या कार्डबसने पीसीआयचा मार्ग धरला आणि वाटणी शक्य झाली.

आता गोम बघा. कर्नलच्या लेखी लाइन मोकळी कधी? एखाद्या ड्रायव्हरने ती मागितली नसेल तेव्हा. एसटीत रुमाल नाही म्हणून जागा रिकामी समजावी, तसंच हे. साउंड चिप ५ नंबरच्या लाइनवर बसलेली असे, पण तिचा ड्रायव्हर चढवलेलाच नसला तर रुमाल कोण टाकणार? कार्ड जाऊन नेमकं तिच्या मांडीवर बसायचं.

डेव्हिड हाइंड्स यांच्या पीसीएमसीआयए पॅकेजात यावर साधा इलाज होता. ‘कॉन्फिग डॉट ऑप्ट्स’ या फाइलीत ‘एक्स्क्लूड आयआरक्यू ५’ अशी ओळ लिहायची, म्हणजे त्या लाइनला हात लागत नसे. ४ आणि ७ तिथे आधीच वगळलेले असत, पहिल्या सीरियल आणि पॅरलल पोर्टसाठी. ३ ची ओळ मात्र हॅशमागे निजलेली, म्हणजे लागू नसलेली असे, आणि माझ्या मते निम्मी फसगत तिथेच. कारण लॅपटॉपचा इन्फ्रारेड पोर्ट बऱ्याचदा दुसरा सीरियल पोर्ट म्हणून ३ वरच ठाण मांडून असे. फ्रीबीएसडीची ‘पीसीकार्ड डॉट कॉन्फ’ उलट्या बाजूने चाले: कोणत्या लाइन वापरायच्या ते तिथे सांगायचं. मला ही रीत जास्त पटते.

तिसरा उपाय बायोसमध्ये होता: इन्फ्रारेड बंद करायचा. तसा तो वापरत तरी कोण होतं? मशीन परत चालू करून पुन्हा ‘इंटरप्ट्स’ फाइल उघडायची. ३ नंबरच्या ओळीत प्रत्येक पिंगबरोबर आकडा पुढे सरकताना दिसायचा.