जिनो बार्ताली याचें स्मृतिसंग्रहालय आणि साधनांचा प्रश्न

इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या दक्षिणेस, एमा नांवाच्या ओढ्यावरील पुलावरून ज्यास नांव मिळालें असें पोंते आ एमा हें गांव आहे. सायकलींच्या शर्यतींतील प्रख्यात वीर जिनो बार्ताली याचा जन्म ता. १८ जुलै १९१४ रोजीं येथें झाला. त्याच्या नांवाचें एक लहानसें सायकल-संग्रहालय या गांवांत आहे. निरनिराळ्या काळांतील सायकली, शर्यतींतले सदरे, छायाचित्रें असा तेथील संग्रह. इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत याचें काय प्रयोजन, असें वाचकांस वाटेल. परंतु या पुरुषाच्या चरित्रांत दोन प्रश्न असे आहेत कीं, बखर व अस्सल कागद यांचा मेळ घालीत बसणारास ते अगदीं ओळखीचे वाटावे.

निर्विवाद भाग थोडक्यांत सांगतों. इटलीची प्रदक्षिणा त्यानें १९३६, १९३७ व १९४६ सालीं जिंकली. फ्रान्सची १९३८ व १९४८ सालीं. फ्रान्सच्या दोन विजयांमध्यें दहा वर्षें गेलीं, आणि त्यांतच महायुद्ध झालें. १९३६ सालींच त्याचा धाकटा भाऊ जुलिओ शर्यतींतील अपघातानें वारला.

पहिला वाद १९४८ सालचा. ता. १४ जुलै रोजीं रोम येथें कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्ती यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर संप व दंगे सुरू झाले. त्या दिवशीं शर्यतीचा मुक्काम कान येथें होता व बार्ताली अग्रेसर बोबे याच्या वीस मिनिटांहून अधिक मागें होता. आख्यायिका अशी कीं, मुख्य प्रधान दे गास्पेरी यांनीं त्यास दूरध्वनीवरून जिंकण्याची गळ घातली, तो जिंकला, आणि त्या आनंदांत यादवी टळली. आतां तिथी जुळवून पाहूं. ता. १५ रोजीं त्यानें ब्रियांसोंपर्यंतचा टप्पा जिंकला, ता. १६ रोजीं पुढचा. पण शर्यत पॅरिसला संपली ती ता. २५ रोजीं. संप तर ता. १६ लाच मागें घेण्यांत आला होता. म्हणजे अंतिम विजयानें यादवी टळली हें कालगणनेंतच बसत नाहीं. पहिल्या दोन दिवसांच्या वार्तांनीं लोकांचीं मनें कांहींशीं वळलीं असतील, इतकें मान्य करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु तोल्यात्ती वांचले आणि त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांस उठाव नको होता, हीं कारणें अधिक बळकट दिसतात.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो माणसांच्या प्राणांशीं निगडित आहे. सप्टेंबर १९४३ पासून जर्मन सैन्याच्या अंमलाखालीं यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे धर्माधिकारी कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या आश्रयानें त्यांस लपविण्याचें कार्य चाले. सरावाच्या मिषानें बार्ताली फ्लॉरेन्स व अस्सिसी यांच्या दरम्यान सायकल हांकी, आणि तिच्या नळींत बनावट ओळखपत्रांचे कागद दडवून नेई, अशी प्रसिद्धि आहे. ही कथा सर्वतोमुखी झाली ती १९७८ सालच्या अलेक्झांडर रामाती यांच्या ग्रंथामुळें. तो पाद्री रुफिनो निक्काच्ची यांच्या कथनावर आधारलेला असला तरी त्याची मांडणी कादंबरीच्या थाटाची आहे. बार्ताली स्वतः याविषयीं फारसें बोलत नसे, तो ता. ५ मे २००० रोजीं वारला. २००५ सालीं इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनीं त्यास मरणोत्तर सुवर्णपदक दिलें, व २०१३ सालीं जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेनें परराष्ट्रीय पुण्यवंतांत त्याची गणना केली.

यानंतर २०१७ सालीं मिकेले सार्फात्ती यांनीं, व २०२१ सालीं स्तेफानो आणि मार्को पिवातो यांनीं स्वतंत्र ग्रंथांत, या वृत्तान्तावर आक्षेप घेतले. कागद वाहिल्याची कथा उत्तरकालीन कथनांवर उभी आहे, हें त्यांच्या म्हणण्याचें सार. उलट पक्ष म्हणतो कीं, जें कृत्य उघडकीस येतांच प्राणांवर बेतावें त्याची नोंद कोण ठेवील? दोन्ही बोलणीं आम्हांस वजनदार वाटतात. मात्र उभय पक्ष एक भेद पुष्कळदां विसरतात. एका यहुदी कुटुंबांतील मुलानें पुढें वृद्धपणीं साक्ष दिली कीं, बार्तालीनें आम्हांस फ्लॉरेन्समध्यें आसरा दिला. ही प्रत्यक्षदर्शीची साक्ष होय; ऐकीव नव्हे. कागद वाहण्याचा प्रसंग संशयित ठरला तरी आश्रय दिल्याचा प्रसंग त्याबरोबर खोटा पडत नाहीं, आणि आश्रय खरा म्हणून कागदांची कथाही आपोआप खरी होत नाहीं. दोहोंची तपासणी निरनिराळी व्हावयास पाहिजे.

संग्रहालयाच्या चालकांपुढील अडचण येथेंच आहे. गांवास आपल्या माणसाचा अभिमान असणें स्वाभाविक. शिवाय पाहुणा बहुधा ती गुप्त नळी पाहण्याच्या आशेनेंच येत असेल. परंतु सायकलीच्या सांगाड्याच्या नळ्या पोकळच असतात, मग ती बार्तालीची असो वा गांवच्या टपालवाल्याची. ती उघडून दाखविली तर कागद नेतां आले असते एवढें सिद्ध होईल. ते नेले गेले, हें नाहीं. तिच्या शेजारच्या फलकावर कोणी, कोणत्या सालीं, कोणाच्या तोंडून ऐकून काय सांगितलें, एवढें लिहिलें तरी पुढील अभ्यासकाचें अर्धें काम होईल.