पावसाळ्यात कोंबड्यांची हगवण

डिंभे धरणाच्या परिसरात पावसाळ्यात खुराडं दमट राहतं, आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी ओल्या विष्ठेतून पसरतात. पिल्लं पंख पाडून, पेंगत बसतात. विष्ठेत रक्त दिसतं.

आजारी पक्षी लगेच वेगळा, उबेत ठेवा. स्वच्छ पाणी सतत द्या. ओलं तूस काढून कोरडं पसरा. भांडी रोज धुवा. अ‍ॅम्प्रोलियमसारखं औषध पाण्यातून देतात, पण मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या.

हिरवट हगवणीबरोबर मान वाकडी होत असेल, तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, संशय घ्या. तो विषाणूजन्य आहे. त्यावर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच लासोटा लस द्या. एकाएकी बरेच पक्षी दगावले, तर त्यांना हात न लावता दवाखान्याला तातडीने कळवा.